जुने थ्रिलर भारी की आताचे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

घरी पाहुणे आले, ऑफिसात डबे उघडले, कुठेही सिनेमाचा विषय निघाला की मला हमखास हा प्रश्न येतो, की तुम्ही एवढे थ्रिलर बघता तर सांगा ना, जुने भारी की आताचे? आणि विचारणाऱ्याचं उत्तर आधीच तयार असतं. पन्नाशीच्या पुढचे म्हणणार आता ती मजा नाही राहिली, कॉलेजातली पोरं म्हणणार जुने फारच स्लो. मला या दोन्हीत अडकायचंच नाहीये कारण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच झालीये, आपण प्रेक्षकांनीच बाजू बदललीये. आधी आपण शोधणाऱ्याच्या बाजूला होतो, आता लपवणाऱ्याच्या बाजूला आहोत.

हिंदीत सुरुवात करायची तर १९४९ च्या 'महल'पासून करावी लागते. जुनी हवेली, भिंतीवर अशोककुमारसारखाच दिसणाऱ्या माणसाचं चित्र, आणि लांबून येणारं 'आएगा आनेवाला'. ते गाणं लांबून जवळ येतंय असं वाटावं म्हणून रेकॉर्डिंगला लतादीदी माईकपासून दूर उभ्या राहून गात गात पुढे आल्या होत्या, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. म्हणजे बघा, भीती दाखवायची होती तर ती आवाजातून दाखवली. आणि हीच रीत पुढे 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी' (१९६४) यांनी उचलली. लोक म्हणतात गाण्यांमुळे रहस्य सैल पडतं, मला हे अजिबात पटत नाही. 'नैना बरसे' वाजायला लागलं की मनोजकुमार ओढल्यासारखा निघतो आणि आपणही निघतो, ते गाणं हाच सापळा आहे, काढून टाका आणि सिनेमा उभा राहतो का बघा.

त्या काळात भूत सहसा भूत नसायचं. शेवटच्या रिळात पोलीस यायचे, मुखवटा उतरायचा, कुणाचा तरी सूड असायचा नाहीतर इस्टेटीचा मामला, आणि सगळा उलगडा एका दमात व्हायचा. आज ते भाबडं वाटतं, पण मला त्यात एक विश्वास दिसतो, की सत्य आहे, ते सापडतं, आणि सापडल्यावर कुणीतरी न्याय करतं.

आणि इथे आपल्या मराठीची मान ताठ होते. राजा परांजपेंचा 'पाठलाग', १९६४. वकिलाची बायको वारलीये, अंत्यसंस्कार झालेत, आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहून म्हणते मीच याची बायको. तो तिची उलटतपासणी घेतो, दोघांच्या संसारातलं खासगी काय काय विचारतो, आणि ती बरोबर उत्तरं देत जाते! काशिनाथ घाणेकर आणि भावना. यावरूनच राज खोसलांनी १९६६ ला 'मेरा साया' केला, रंगीत, उदयपूरचं तळं, साधना, मदनमोहनची गाणी, सगळं देखणं. मी दोन्ही परत परत बघितलेत आणि मला 'पाठलाग'च जास्त लागतो, कारण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तिचा चेहरा अर्धा अंधारात असतो आणि तेवढ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे आपल्याला ठरवायचं असतं, रंगात साधना इतकी सुंदर दिसते की मन आधीच तिच्याकडे झुकतं.

बिनगाण्याचे प्रयोगही तेव्हाच झाले होते बरं का, 'कानून' १९६० चा आणि 'इत्तेफाक' १९६९ चा, दोन्ही चोप्रा बंधूंचे. 'कानून' तर डोळ्यांनी बघितलेला साक्षीदारसुद्धा चुकू शकतो यावर उभा आहे. त्यामुळे बिनगाण्याचा सिनेमा म्हणजे काहीतरी नवीन असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

सत्तर-ऐंशीत मारामारी आली आणि रहस्य मागे पडलं, चांगले सिनेमे निघाले पण तुरळक. १९९३ ला 'बाजीगर' आणि 'डर' आले तेव्हा मात्र काहीतरी हललं. खून करणारा, पाठलाग करणारा कोण ते आपल्याला माहीत, आणि टाळ्या त्यालाच. मग २००७ चा श्रीराम राघवनचा 'जॉनी गद्दार', गद्दार कोण हे लवकरच कळतं, प्रश्न एवढाच की हा पकडला कधी जाणार. तो सिनेमा जुन्या थ्रिलरचे दिग्दर्शक विजय आनंद आणि इंग्रजी रहस्यकथाकार जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलाय, म्हणजे जुनं नीट पचवून केलेलं काम आहे ते.

पण माझ्यासाठी खरी मोठी गोष्ट म्हणजे 'दृश्यम'. मूळ मल्याळम, जीतू जोसेफचा, २०१३ चा, आणि हिंदीत २०१५ ला निशिकांत कामतने तो गोव्यात आणला. विजय साळगावकर, चौथी नापास, केबलचा धंदा, रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघणारा. त्याच्या घरात एका मुलाचा जीव जातो आणि त्या मुलाची आई पोलीस खात्यात मोठी अधिकारी. आता नीट विचार करा, साठच्या दशकात हीच गोष्ट केली असती तर नायिका कोण असती? ती आई! पोटचा मुलगा नाहीसा झालाय, ती सत्य शोधतेय, आणि तिचा संशय बरोबरही आहे. आणि आपण थिएटरात बसून काय करतो, तर तिला काही सापडू नये म्हणून देव पाण्यात घालतो. ती एवढीशी धाकटी पोर पोलिसांसमोर खोटं नीट बोलेल ना, म्हणून आपला श्वास अडकतो. मला हे फार अस्वस्थ करतं, आणि म्हणूनच तो सिनेमा मला ग्रेट वाटतो. कामतने त्याआधी २००५ ला 'डोंबिवली फास्ट' केला होता हे विसरू नका, तिथेही साध्या नोकरदाराने कायदा हातात घेतला आणि आपण त्याच्यासोबत धावलो.

हे असं का झालं, तर एक कारण मोबाईल. पूर्वी वादळात टेलिफोनची तार तुटली की नायिका एकटी पडायची, आता खिशात फोन, चौकाचौकात सीसीटीव्ही, कुणी एकटं पडतच नाही. मग लपणं हेच अवघड काम झालं आणि अवघड काम करणाऱ्याकडे आपलं लक्ष जातं. 'दृश्यम'मध्ये मेलेल्या मुलाचं सिम घातलेला फोन ट्रकमध्ये टाकून पोलिसांना भलतीकडे पळवतात, अख्खं रहस्य त्या फोनच्या टॉवरवर फिरतं. दुसरं, खुनी कोण हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर आलेलं असतं, नुसत्या त्या प्रश्नावर सिनेमा चालणार कसा? आणि तिसरं कारण कडू आहे, पोलीस आले की सुटलो असं आपल्याला आता वाटत नाही.

आताच्या वेब सिरीजवर मात्र माझा राग आहे. आठ भाग ओढायचे, दर भागाच्या शेवटी धक्का, आणि त्या धक्क्याला आधी काही आधारच नाही. धक्का देणं सोपं आहे हो, मागे वळून बघितल्यावर खुणा सापडल्या पाहिजेत. 'अंधाधुन' (२०१८) दुसऱ्यांदा बघा, आंधळ्याचं सोंग घेतलेल्या वादकाचा, पुण्यातल्या त्या फ्लॅटमधला पियानोचा सीन, काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये असं दाखवायचंय ते सगळं तिथेच आहे.

मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' १९७६ ला आला, त्यातलं 'रात्रीस खेळ चाले' हे गाणं अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि त्यानंतर आपण या बाबतीत फारच हात आखडला. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा लायब्ररीत नंबर लावून वाचल्या जायच्या, आणि शिरवळकर मोठ्या पडद्यावर गाजले ते २०१३ ला, तेही 'दुनियादारी'मुळे, कॉलेजच्या गोष्टीमुळे. ती चांगलीच आहे, पण त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास कोर्टात उलटतपासणीला उभा राहिलेला कुणीतरी दाखवा ना, पहिल्या दिवशीच्या पहिल्या शोला मी जाणार म्हणजे जाणार.