चौतीस मीटरवरची फट

बोअर खणणाऱ्याच्या नोंदीत सेकंदाला 3 लिटर पाणी लिहिलेलं होतं. कंप्रेसरने उडवून मोजलेल्या आकड्यावर मोटर निवडायची नसते; बोअर किती पाणी देतं ते उपसा-चाचणीने ठरवायचं. त्याच कागदावरची दुसरी ओळ जास्त कामाची होती: मुख्य फट, म्हणजे खडकातली पाणी येण्याची भेग, 34 मीटरवर.

मोटर 60 मीटरवर सोडली. पाइपाशेजारून पाऊण इंची पीव्हीसी नळी खाली सोडली, नाहीतर पातळी मोजायची टेप केबलला गुंडाळते आणि ऐन वेळी अडकते. उपसलेलं पाणी लांब, उताराच्या बाजूला नेलं. जवळच सोडलं तर तेच पुन्हा झिरपून बोअरात येतं.

पहिल्या दिवशी सेकंदाला 0.6, 1.2, 1.8 आणि 2.4 लिटर असे चार टप्पे, प्रत्येकी एक तास. शेवटच्या टप्प्यात पातळी फटीच्या खाली गेली, म्हणून सलग उपशासाठी 1.8 ठरवला. रात्रभर पाणी चढू दिलं. सकाळी टेप पाण्याला टेकून 11.60 मीटरवर वाजली, तेव्हाच, आठ वाजता, मोटर चालू केली.

सुरुवातीची मिनिटं बोअरात साठलेलंच पाणी येतं, त्यावरून काही ठरवू नये. पातळी खाली जाते तसा उपसाही घटतो. 200 लिटरचा ड्रम 111 सेकंदांत भरायला हवा. 118 लागले की व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. हे दर अर्ध्या तासाला, कंटाळा न करता.

शंभराव्या मिनिटाला 29.60. संध्याकाळी पाचला 33.26, सहाला 33.49. तासाला जेमतेम वीतभर उतार; "पाणी ठरलं, आवरा आता," असं सगळेच म्हणू लागले. साध्या आलेखावर ते ठरल्यासारखंच दिसत होतं. लॉग कागदावर, जिथे 10, 100, 1000 मिनिटं सारख्या अंतरावर येतात, मात्र रेघ सरळ खाली चालली होती, वेळेच्या दर दसपटीला 5 मीटर, आणि तशीच वाढवली तर पावणेनऊच्या आसपास 34 ला टेकत होती.

टेकलीच. साडेनऊला 36, साडेदहाला 41, साडेअकराला 50. फट उघडी पडली की तिच्यातून येणारं पाणी आणखी वाढत नाही, उलट भोवतालचा साठा उतरेल तसं घटतं. सव्वाबाराला 55 वर मोटर बंद केली. मोटरीवर पाच मीटर पाणी तरी हवंच.

खरी परीक्षा पाणी परत चढताना असते, आणि घाईत नेमकी तीच वगळली जाते. जितका वेळ उपसा, तितकाच वेळ मोजत राहिलो. शेवटी मूळ पातळीला 2.4 मीटरची तूट उरली. रेघेच्या हिशेबाने ती दीडच हवी होती. म्हणजे खडकातला साठा मर्यादित.

सहा महिने पाऊस नाही असं धरून 0.9 लिटरचा हिशेब केला, पातळी 29 मीटरजवळ राहते. साठा बेताचा, म्हणून उपसा दिवसाला 12 तासच लिहून दिला. मोटर आपोआप बंद करणारा इलेक्ट्रोड 31 मीटरवर बसवला.