बाईंनी शिकवलेलं अपस्ट्रीम

शाळेचं पत्र आलं, महोत्सवासाठी मनोगत पाठवा म्हणून, आणि सगळ्यात आधी आठवल्या त्या इंग्रजीच्या बाई. ऋण सगळ्याच शिक्षकांचं आहे पण मला आज बाईंबद्दलच लिहायचंय.

आठवीत, जिन्याशेजारच्या वर्गात, धड्यात अपस्ट्रीम शब्द आला. मी उठून सांगितलं, अप म्हणजे वर, नकाशात वर उत्तर, म्हणजे नदीच्या उत्तरेला. बाई रागावल्या नाहीत. नकाशा लावून नाईलवर बोट ठेवलं. ही दक्षिणेकडून उत्तरेला वाहत जाऊन भूमध्य समुद्राला मिळते, म्हणून इजिप्तचा दक्षिण भाग तो अप्पर इजिप्त आणि उत्तरेचा त्रिभुज प्रदेश तो लोअर. मग माझ्या डेस्कचं झाकण थोडं उचलून धरलं आणि वरच्या कडेला वॉटरबॅगमधलं पाणी सोडलं, कंपासपेटीला वळसा घालून धार खाली आली, वहीचा कोपरा भिजला. "पाणी कुठून येतंय ते बघ, तिकडे अपस्ट्रीम. जातंय तिकडे डाऊनस्ट्रीम." आपण नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला म्हणतो ना, अगदी तेच!

पुढे वहीत मी 'रो टू अपस्ट्रीम' लिहिलं तर 'टू'भोवती लाल गोल. नाव नुसती 'अपस्ट्रीम' वल्हवायची, दिशा शब्दातच आहे. पण पुलाच्या वरच्या अंगाचं गाव सांगायचं तर 'अपस्ट्रीम ऑफ द ब्रिज'. आणि डावा-उजवा काठ नेहमी पाणी जातंय तिकडे तोंड करून ठरवायचा, हे बाईंनी मला व्हरांड्यात उभं करून पाठ करून घेतलं.

आज मी धरणांची ड्रॉइंग्ज तपासतो. साइटवर सगळे अपस्ट्रीमला यूएस, डाऊनस्ट्रीमला डीएस म्हणतात, पाणी अडतं ती भिंतीची बाजू अपस्ट्रीम फेस. यात चूक झाली तर ड्रॉइंगमधला डावा कालवा उजवीकडे जाईल, म्हणून कागद उघडला की आधी प्रवाहाचा बाण शोधतो, नसला तर ड्रॉइंग परत पाठवतो. तेलवाल्या कंपनीतला मित्र तेलाचे साठे शोधून तेल काढण्याला अपस्ट्रीम आणि रिफायनरी, विक्रीला डाऊनस्ट्रीम म्हणतो, तेव्हा मला ती डेस्कवरची धारच दिसते.

बाई गेल्या, हे सगळं त्यांना सांगायचं राहिलं. वर्गात आता सपाट बेंच आलेत असं कळलं. झाकणाचं एखादं डेस्क स्टोअररूममध्ये उरलं असेल तर महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवा, मी दोन्ही दिवस येतोय.