इंजिनांच्या लढतीत पहिल्या चाली कोण ठरवतो?

२०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला दोन वेळा हरवले. त्यातला पहिला विजय तर काळ्या मोहऱ्यांनी, उंटाचा बळी देऊन मिळवलेला होता. तेव्हापासून मी ज्या मुलांना सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळ शिकवतो, त्यांना थेट प्रक्षेपणात पटाशेजारी दिसणाऱ्या इंजिनाच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमच्या, कोणाची बाजू किती वरचढ ते सांगणाऱ्या आकड्याचे मोठे आकर्षण वाटू लागले. साहजिकच, हा आकडा देणारी इंजिने एकमेकांशी खेळली तर काय होते, असा प्रश्न ती विचारतात. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण या लढतींमध्ये खेळाइतकाच न्यायाचाही विचार दडलेला आहे.

संगणक प्रोग्रॅमची पहिली जागतिक स्पर्धा १९७४ साली स्टॉकहोममध्ये झाली आणि सोव्हिएत संघाच्या ‘कैसा’ने चारही डाव जिंकून ती जिंकली. अमेरिकेचा ‘चेस ४.०’ हा बलाढ्य प्रतिस्पर्धी मुख्य स्पर्धेत तिच्यासमोर आलाच नाही. नंतर दोघांचा एक मैत्रीपूर्ण डाव झाला आणि तो बरोबरीत सुटला. १९९५ मध्ये हाँगकाँगला तर साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर चालणाऱ्या ‘फ्रिट्झ’ने आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ या महासंगणकाच्या प्राथमिक रूपाला हरवले आणि विजेतेपदही मिळवले. त्या काळात प्रोग्रॅम चुका करत, म्हणून डाव आपोआप निकाली निघत.

आजची अडचण नेमकी याउलट आहे. स्टॉकफिशसारखी दोन समर्थ इंजिने मूळ मांडणीपासून स्वतःच्या मर्जीने खेळली, तर बहुतेक सगळे डाव बरोबरीत सुटतात आणि कोण सरस आहे ते कळतच नाही. म्हणून २०१० मध्ये मार्टिन थोरेसेन यांनी सुरू केलेल्या आणि टीसीईसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत सुरुवातीच्या चाली आयोजक ठरवून देतात. या ओपनिंगची निवड करण्यासाठी येरून नोमेन यांच्यासारखे जाणकार पुष्कळ वेळ खर्च करतात. एका बाजूची स्थिती अवघड असली पाहिजे. मात्र ती हरलेलीच आहे असे म्हणता येऊ नये, ही ती बारीक रेषा. किंग्ज इंडियनसारखी ओपनिंग, जिच्यात इंजिने पांढऱ्याला स्पष्ट वरचढ मानतात, अशा कामाला फार उपयोगी पडते.

आता त्यातला न्याय पाहा. प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळली जाते आणि दुसऱ्या डावात मोहऱ्यांचे रंग बदलतात. पांढऱ्याने दोन्ही वेळा विजय मिळवला तर ती जोडी एक-एक अशी बरोबरीत सुटते. स्थिती जिंकण्याजोगीच होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. पण एका इंजिनाने पांढऱ्यांनी विजय मिळवून काळ्यांनी तीच अवघड स्थिती बरोबरीत राखली, तर जोडी त्याची झाली. म्हणजे इथे आक्रमण आणि बचाव दोन्हींची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर होते. सुपरफायनलच्या, म्हणजे टीसीईसीच्या अंतिम लढतीच्या, १०० डावांत अशा ५० जोड्या असतात. पहिल्या चाली लादल्यामुळे खेळ कृत्रिम होतो, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि ती मला मान्य नाही, कारण लादलेली स्थिती दोघांच्याही वाट्याला येते.

अटी उघड असण्याचे महत्त्व २०१७ च्या डिसेंबरात सर्वांना कळले. स्वतःशीच खेळून बुद्धिबळ शिकलेल्या, गूगलच्या डीपमाइंडच्या ‘अल्फाझीरो’ने स्टॉकफिशच्या आठव्या आवृत्तीविरुद्धच्या १०० डावांपैकी २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. डाव विलक्षण सुंदर होते, पण प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट दिल्यामुळे स्टॉकफिशला आपला वेळ हवा तसा वापरता आला नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो मला रास्त वाटतो. स्वतःशी खेळून शिकण्याच्या त्याच कल्पनेवर स्वयंसेवकांच्या संगणकांच्या बळावर उभी राहिलेली ‘लीला’ मात्र सर्वांसमोर खेळली आणि २०१९ मध्ये टीसीईसीच्या १५ व्या हंगामात स्टॉकफिशला ५३.५-४६.५ असे हरवून विजेती ठरली. लीला ग्राफिक्स कार्डावर चालते आणि स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर, त्यामुळे दोघांना ‘समान’ यंत्र देणे म्हणजे नक्की काय, हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

लीलाचा प्रकल्प सुरू करणारे गॅरी लिन्स्कॉट यांनीच २०१३ मध्ये स्टॉकफिशसाठी ‘फिशटेस्ट’ उभारले होते, हे मला फार लक्षणीय वाटते. तिथे इंजिनातला छोटासा बदलही हजारो डाव खेळवून तपासला जातो. एलो या खेळाचे बळ मोजणाऱ्या गुणांकात दहाची आघाडी म्हणजे १०० डावांत सरासरी जेमतेम ५१.४ गुण, इतका फरक एका सुपरफायनलमध्ये योगायोगानेही पुसला जाऊ शकतो. म्हणून विजेतेपदाचा आनंद सुपरफायनलमध्ये आणि बळाचे मोजमाप फिशटेस्टमध्ये, अशी विभागणी मला योग्य वाटते.

मुलांसाठी मी एखादी निकाली जोडी निवडतो, दोन पट शेजारी मांडतो आणि इंजिनाचा आकडा झाकून ठेवतो. एका पटावर काळा टिकला, दुसऱ्यावर त्याच मांडणीतून कोसळला. दोन्ही डाव कोणत्या चालीपासून वेगळे झाले आणि टिकणाऱ्याने कोणते प्यादे जागेवरून हलवले नाही, हे मुलांनी पटावर मोहरी चालवून शोधायचे असते.