मैदान आपलं, हिरवळ त्यांची

आपल्या शाळेला स्वतःचं मैदान कधीच नव्हतं. गिरगावात ते असणार तरी कुठून? धोबीतलाव ओलांडून मेट्रो सिनेमाच्या पुढे गेलं की आझाद मैदान, तेच आपलं. पन्नासच्या दशकात आम्ही गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेसाठी तिथे मॅटवर घाम गाळला. खेळपट्ट्यांची एवढी दाटी की एका सामन्याचा लाँगऑफ दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला खेटून उभा! दक्षिणेला बॉम्बे जिमखान्याची हिरवळ दिसायची.

त्या हिरवळीच्या गोष्टी चाळीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या. जिमखाना १८७५ सालचा, सभासद फक्त गोरे. स्वतःची क्रिकेटची हिरवळ ते जपायचे आणि पोलो खेळायला मात्र आपल्या लोकांच्या भागात उतरायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडायची की चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. १८८१ मध्ये पारशी क्रिकेटपटू शापूरजी सोराबजींच्या पुढाकाराने देशी खेळाडूंनी गव्हर्नरकडे अर्ज केला. पोलो हलला खरा, पण लवकरच परतला. कागदावर भांडून आपलं मैदान मागणारी ही माणसं मला कुठल्याही शतकवीराइतकीच मोठी वाटतात.

१९०६ चा सामना मात्र चाळीत काल झाल्यासारखा सांगितला जाई. त्याच जिमखान्याच्या हिरवळीवर हिंदू संघाने गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं. गोलंदाज पी. बाळूंनी त्या सामन्यात आठ बळी घेतले. हे सांगताना म्हाताऱ्यांचा आवाज चढायचा.

उरलेली अर्धी गोष्ट आम्हाला पी.टी.च्या सरांनी सांगितली. मॅट गुंडाळून आम्ही सावलीत पाणी पीत बसलो होतो. एकच तांब्या हातोहात फिरत होता. सर म्हणाले, "बाळूंना असा तांब्या कोणी दिला नसता." बाळू चांभार समाजातले. पुण्यात हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीत चहा प्यायचे आणि बाळूंना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. गोऱ्यांच्या कुंपणाबद्दल तावातावाने बोलणाऱ्या चाळीत याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे, याचं मला आजही वाईट वाटतं.

भारतातला पहिला कसोटी सामनाही डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावरच झाला. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या, त्या हिरवळीवर, जिथे त्यांना सभासद होता आलं नसतं.

आपल्या शाळेच्या शताब्दीनिमित्त व्यायामशाळेची खोली नवी होते आहे, असं समजलं. तिथे खेळाडूंच्या तसबिरी लागतील तेव्हा बाळूंची पहिली लावा. तसबिरीचा खर्च मी आनंदाने देईन. खाली त्यांच्या बळींचे आकडे लिहा आणि त्या मातीच्या भांड्याबद्दलही लिहा.