व्हीलमधला एच

सायकलवाल्या काकांनी मागचं चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "व्हीलला आउट आलाय, ठेवून जा." घरी येईपर्यंत 'व्हील' डोक्यातून जाईना. आपलं 'वळणे' आणि हे व्हील. दोन्हींत व, एकात ळ तर एकात ल, दोन्हींत फिरणं. नातं सापडलं असं वाटून दोन संध्याकाळी मी त्यातच घालवल्या, काही जुळेना.

वाट दाखवली ती स्पेलिंगमधल्या एचनं. जुन्या इंग्रजीत तो डब्ल्यूच्या आधी लिहीत आणि उच्चारीतही: ह्वेओल. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये जे ध्वनिनियम मांडले, त्यांनुसार हा ह मूळच्या, म्हणजे इंग्रजी आणि संस्कृतच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या, क चा. वहीत जोड्या मांडल्या: हू–कोण, व्हॉट–काय, व्हेन–केव्हा. तिकडे डब्ल्यूएच, इकडे क. रोजचे शब्द, आणि अंगावर काटा आला!

म्हणजे व्हीलचा भाऊ व मध्ये नाही, क मध्ये शोधायचा. चक्र! पण त्यात आधी च, मग क. अभ्यासकांनी तुलनेवरून बांधलेलं मूळ रूप आहे क्वेक्वलोस. 'क्वेल' म्हणजे फिरणे, त्याची द्विरुक्ती. मग पहिल्या क चा च का झाला? इथं मी बराच अडलो, आणि शाळेत घोकलेलं संस्कृत 'चकार' (त्यानं केलं) मदतीला आलं. धातू कृ, द्विरुक्तीही त्याचीच, तरी रूप ककार नाही, चकार. पुढे ए असला की क चा च होई. मागाहून त्या ए चाच संस्कृतात अ झाला. चक्रातही हेच घडलंय. आणि व्हीलमधला दुसरा क? जुन्या इंग्रजीत ह्वेओगोल असंही रूप सापडतं. तो ग म्हणजे त्याचीच खूण, पुढे झिजून गेलेली.

मराठीकडची वाट सोपी: संस्कृत चक्र, प्राकृत चक्क, मराठी चाक. जसं हस्त, हत्थ, हात. ग्रीकमध्ये त्याच मूळ शब्दाचं किक्लोस झालं आणि ते लॅटिनमार्गे इंग्रजीत 'सायकल' होऊन आलं.

शनिवारी सायकल आणायला गेलो, तेव्हा काका स्पोक आवळत होते. त्यांना सांगितलं, तुमचं व्हील, आमचं चाक आणि ही सायकल, तिन्ही एकाच घरातली. त्यांनी हात पुसत विचारलं, "आणि चरखा?"

तोही. फारसी 'चर्ख'वरून आलेला. वहीत त्याच्यासाठी पान सोडलंय.