मुलाच्या शस्त्रक्रियेआधी दुसरे मत घेताना

मुलाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की अनेक आईवडील हे मत चोरून घेतात आणि जुने कागद लपवून मुलाला सगळ्या तपासण्यांतून पुन्हा नेतात. माझ्या लेकीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे असे निदान झाले, तेव्हा आम्हालाही घरच्या वडीलधाऱ्यांनी तसेच करायला सुचवले होते. आम्ही मात्र पहिल्या डॉक्टरांनाच मोकळेपणाने विचारले. त्यांनी जराही वाईट वाटून न घेता टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालाबरोबर मूळ चित्रफितींची सीडी दिली आणि दुसऱ्या डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हेही सांगितले.

त्या सीडीचे महत्त्व मला नंतर कळले. अहवाल म्हणजे एका डॉक्टरांनी पाहिलेल्या गोष्टीचा निष्कर्ष असतो. तोच वाचून दुसऱ्याने मत दिले तर ते बहुधा पहिल्याच मताला दिलेला दुजोरा ठरते. ज्यांनी चित्रे स्वतः पाहिली, त्यांचेच मत स्वतंत्र म्हणता येईल. कागदपत्रे मागताना संकोच वाटत असेल, तर हे लक्षात ठेवावे की वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत देणे अपेक्षित आहे, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे.

आमचा प्रश्न होता तो छाती न उघडता हे छिद्र बंद करता येईल का, हा. मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन छत्रीसारखे उपकरण बसवण्याची पद्धत नातेवाइकांनी ऐकलेली होती आणि ‘आता कोण कापतं?’ असे आम्हाला रोज ऐकावे लागत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी चित्रफिती थांबवून थांबवून दाखवल्या. उपकरण टिकून राहायला छिद्राभोवती पडद्याची पुरेशी कड लागते आणि आमच्या मुलीच्या छिद्राला खालच्या बाजूला ती जवळजवळ नव्हतीच. म्हणजे उपकरण सरकण्याचा धोका होता. त्यांचे मतही शस्त्रक्रियेचेच पडले. असे छिद्र हृदय-फुप्फुस यंत्राच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या, साहाय्याने बंद करण्याची शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये फिलाडेल्फियात प्रथम यशस्वी केली, तेव्हापासून ती सतत सुधारत आली आहे. पद्धत नवी आहे एवढ्यावरून ती आपल्या मुलासाठी योग्य ठरत नाही, हे मला त्या चित्रफितींत स्वतःच्या डोळ्यांनी दिसले आणि संमतीपत्रावर सही करताना आपण कशाला होकार देत आहोत, ते मला समजत होते.

दुसरे मत पहिल्याशी जुळले म्हणून आमची खेप वाया गेली असे काही जण म्हणाले. मला ते मुळीच पटत नाही. तरीही मनासारखे उत्तर मिळेपर्यंत तिसरे, चौथे, पाचवे दार ठोठावणे मला घातक वाटते, कारण ‘थांबून पाहू’ म्हणणारे कोणी ना कोणी भेटतेच. आमच्या मुलीच्या प्रकारात काही आठवडे थांबायला हरकत नव्हती. खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र मोठे असेल तर मात्र फुप्फुसांतला दाब वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर शस्त्रक्रियेची वेळच निघून जाते. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांची अदलाबदल होऊन जन्मलेल्या बाळाला तर साधारण पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया लागते. अंडकोषाला पीळ पडलेल्या मुलाच्या बाबतीत हिशेब तासांचा असतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न हा की, ‘डॉक्टर, निर्णयाला आमच्याकडे किती वेळ आहे?’ दुसऱ्या मताचा शोध त्या मुदतीत बसला पाहिजे.

हे सगळे पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना जितके सोपे, तितके गावाकडच्या आईवडिलांना नाही, याची मला जाणीव आहे. रोजंदारी बुडवून आजारी मुलाला एसटीने नेणे आणि परळच्या मोठ्या रुग्णालयांच्या रांगेत उभे राहणे सोसत नसेल, तर निदान मूळ चित्रफिती पुढे पाठवून मत मिळेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून पाहावे.

आणि दोन मते खरोखरच वेगळी पडली, तर आईवडिलांनी पंच होऊ नये. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलण्याची विनंती करावी. मुलांच्या हृदयाच्या बऱ्याच केंद्रांत हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक एकत्र बसून अशा मुलांची चर्चा करतात. त्या बैठकीत आपल्या मुलाचे नाव घ्यावे असे मागायला कोणत्याही ओळखीची गरज नसते.