डिझेल लोको शेडची चक्कर

डिझेल लोको शेड, म्हणजे रेल्वेची डिझेल इंजिनं जिथे तपासतात आणि दुरुस्त करतात ती जागा, आतून बघायची इच्छा खूप दिवसांची होती, परवा योग आला. आत शिरलं की आधी वास येतो, डिझेल आणि लुब ऑइलचा, आणि तो कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. रुळांच्या मधल्या पिटमध्ये उतरलो तर ब्रेक ब्लॉक, चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरी सगळं डोक्यावर. बऱ्याच जणांना वाटतं डिझेल इंजिन थेट चाकं फिरवतं, पण ते फिरवतं वीज तयार करणारा अल्टरनेटर आणि त्या विजेवर एक्सलच्या मोटरी चालतात, म्हणजे रुळांवरचं पॉवरहाऊसच म्हणा ना.

एक ईएमडी ७१० जातीचं डिझेल इंजिन उघडून ठेवलेलं होतं. सोळा सिलिंडर, एकेक साधारण ११.६ लिटरचा! एखादा बिघडला तर अख्खं इंजिन नाही उतरवत, हेड, लायनर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड असा पूर्ण संच क्रेनने उचलून नवा बसवतात.

मला सगळ्यात भारी वाटली ती लॅब. तिथे ऑइलचे नमुने तपासतात, तांबं किंवा शिसं वाढलं की बेअरिंग झिजतंय, पाणी सापडलं की कुठेतरी कूलंट गळतंय, म्हणजे काही न उघडता आतली खबर!

शेवटी लोड टेस्ट. इंजिन जागेवर उभं, थ्रॉटल आठव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या नॉचवर (टप्प्यावर) आणि तयार होणारी सगळी वीज रेझिस्टरमध्ये उष्णता करून उडवायची. कानात प्लग होते तरी छाती हादरत होती, आणि तिथली माणसं मात्र निवांत मीटरचे आकडे लिहून घेत होती.